ब्रेकच्या नळीसाठी माफीनामा

माझे मामा एका साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही यंत्रावर त्यांचं नाव नाही. नोंदवहीत पाळीचा नंबर असतो, फिटरचं नाव नसतं. त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, आणि त्या वाटण्यापायी मागच्या हंगामात मी एक चूक केली. ती चूक कुणाच्या तरी जिवावर बेतली असती, म्हणून लिहून ठेवते आहे. पण माझा राग चुकीचा होता असं मात्र मी लिहिणार नाही.

माझ्या रागाचं मूळ घरात आहे. माझे वडील पत्रकं काढतात. उसाचा दर, कालव्याचं आवर्तन, बंद झालेली एसटी, शाळेचं गळकं छत, कशावरही. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवर, आणि इतर घरांत पत्ते खेळायचे तेव्हा आम्ही भावंडं पत्रकांच्या घड्या घालायचो. आता राहुरीत वडिलांच्या छपाईच्या दुकानात मीच बसते. लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं छापून पोट भरतं. पत्रकं अजूनही आम्ही आमच्या समाधानासाठी काढतो.

मागच्या वर्षी गळीत संपलं त्या आठवड्यात निवृत्त झालेल्या मामांच्या घरामागच्या शेडमध्ये एक गाडी आली. दोन दारांची, परदेशी, बसकी स्पोर्ट्स कार. माझ्या जन्माच्या पंधरा वर्षं आधीची. कारखान्याच्या एका संचालकांनी ती तरुणपणी मुंबईहून आणली होती, आणि नंतर ती बंगल्यामागच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती. इंजिनावर उंदरांनी घरटं केलं होतं. आता त्या संचालकांच्या मुलाला ती रस्त्यावर हवी होती. मुलाचं वय अठ्ठावीस, मामांचं चौसष्ट. मामा त्याला दादा म्हणतात आणि अहोजाहो करतात. तो मामांना मामा म्हणतो आणि अरेतुरे करतो. आमच्याकडे ही रीत इतकी जुनी आहे की ऐकणाऱ्याला खटकतही नाही. मला दर वेळी खटकतं.

दादानं सांगितलं, "मामा, तू फक्त तिचा आवाज काढ. बाकी मी बघतो."

मामांनी फक्त आवाज काढला नाही. त्यांनी त्या गाडीचा ऑफ-सीझन केला. कारखान्यात गळीत संपलं की सगळी मिल उघडतात. प्रत्येक भाग सुटा होतो, पत्र्याच्या बिल्ल्यावर नंबर ठोकून तो बिल्ला तारेनं त्या भागाला बांधतात, आणि दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटवायच्या आत सगळं परत जागच्या जागी बसलेलं असतं. मामांना यंत्र दुरुस्त करायची दुसरी पद्धतच माहीत नाही. एप्रिलच्या अखेरीला त्या गाडीचे चारशे बारा तुकडे शेडच्या जमिनीवर पोत्यांवर मांडलेले होते, आणि प्रत्येकाला बिल्ला होता. दादा एकदा बघायला आला, हसला, म्हणाला की मामा, ही गाडी आहे, कारखाना नाही, आणि फोटो काढून निघून गेला.

मी रविवारी जायचे. गाडीची मूळ माहितीपुस्तिका इंग्रजीत होती, ती मी वाचून मराठीत सांगायचे. मामा ऐकून घ्यायचे आणि पुस्तकाच्या दीड पाऊल पुढचा प्रश्न विचारायचे. सिलिंडरचं हेड नगरला नेऊन घासून घेतलं. व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः हातानं, लेप लावून, फिरवून फिरवून बसवले. गाडीला दोन कार्बुरेटर होते. दोघांनी सारखी हवा ओढली नाही तर इंजिन लंगडतं. मामा पाइपचा एक तुकडा कानाला लावून त्याचं दुसरं टोक आधी एका कार्बुरेटरच्या तोंडाशी धरायचे, मग दुसऱ्याच्या, आणि स्क्रू केसभर फिरवायचे. एका दुपारी असं दोन तास चाललं. मला दोन्ही आवाज पहिल्यापासून सारखेच वाटत होते. "ह्यो अजून उपाशी हाय," एवढंच ते म्हणायचे.

मग गाडी वळणावर नीट वळावी म्हणून करायचं काम. सांध्यांतले जुने रबराचे बुश दगडासारखे झाले होते, ते बदलले. शॉकअब्सॉर्बर उघडून, तेल बदलून, पुन्हा भरले. ब्रेकच्या रबरी नळ्या नगरच्या एका हायड्रॉलिकवाल्याकडून मापानं बनवून घेतल्या, चार लावायला आणि दोन शिलकीला. चाकं सरळ आहेत का, हे त्यांनी दोरी ताणून आणि ओळंबा लावून पाहिलं, मिलचा शाफ्ट पाहतात तसं. सगळ्यात मजेचं होतं ते वजन. चारही चाकांवर भार नीट वाटला गेला पाहिजे, नाहीतर गाडी डाव्या वळणाला शहाणी आणि उजव्याला वेडी होते. त्यासाठी मामांनी घोडेगावच्या कांदा बाजारातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून चार सपाट वजनकाटे आणले आणि एकेका चाकाखाली एकेक ठेवला. पण माप घेताना चालवणारा आत बसलेला हवा. दादाला बोलावलं, त्याला वेळ नव्हता. फोनवर त्यानं स्वतःचं वजन पंचाहत्तर किलो सांगितलं. मामांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "पंच्याऐंशी धर."

आम्ही पंच्याऐंशी किलो कांदा दोन गोण्यांत भरून चालकाच्या जागी बसवला आणि पट्टा लावला. त्या दिवशी मामा गोण्यांना दादा म्हणत होते. "दादा, जरा सरळ बसा. माप चुकतंय." मग स्प्रिंगखाली पातळ चकत्या घालत, काढत, काट्यांचे आकडे जुळवत त्यांनी संध्याकाळ केली.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि मामांनी चावी फिरवली. कालव्याच्या रस्त्यावर त्यांनी मला शेजारी बसवून नेलं. त्या रस्त्यावर एक वळण आहे, तिथे आमची जीप नेहमी कुशीवर पडल्यासारखी कलते. ही गाडी कललीच नाही. जमिनीला धरून गेली. मी मामांकडे पाहिलं, तर ते रस्ता सोडून काहीच पाहत नव्हते, आणि त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता असा होता.

तीन आठवड्यांनी माझ्या मोबाईलवर व्हिडिओ आला. तीच गाडी, पुण्यातल्या कुठल्याशा दुकानासमोर. पुढच्या काचेवर आडवी पट्टी, त्या दुकानाच्या नावाची. चाकं रुंद, टायर बाहेर आलेले, मूळ स्प्रिंग काढून आखूड घातलेल्या, त्यामुळे गाडी जमिनीला टेकल्यासारखी. दुकानवाला सांगत होता की इंजिनापासून चाकापर्यंत सगळं ट्यूनिंग आमच्याकडे झालं. आणि शेजारी काळा चष्मा लावून उभा असलेला दादा मान हलवत होता. तो म्हणाला, "माझ्या टीमनं सहा महिने मेहनत घेतली."

टीम. त्या टीमला दोन हात होते आणि डाव्या हाताचं एक बोट मिलमध्ये गेलेलं होतं.

मामांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो आवाज बंद करून पाहिला, आखूड स्प्रिंगवर थोडं कुरकुरले, आणि मोबाईल परत दिला. नावाबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं तर म्हणाले, मिल कुणी चालवली हे साखरेच्या पोत्यावर लिहितात का? माझा संताप त्या वाक्यानं दुप्पट झाला. लिहीत नाहीत, हेच तर चुकतं. ज्यानं घडवलं त्याचं नाव पुसायचं आणि ज्यानं चिकटपट्टी लावली त्याचं ठेवायचं, हे एका गाडीपुरतं नाही. वडिलांच्या जुन्या सोबत्यांपैकी एकानं मला टोमणा मारला की शेवटी बागायतदाराच्या पोराच्या खेळण्यासाठी तू शाई वाया घालवणार. मी त्यांना सांगितलं की खेळणं त्याचं असेल, कष्ट आमचे आहेत, आणि कष्टाची चोरी लहान-मोठी नसते. आजही मी तेच सांगेन.

मी पत्रक लिहिलं. "गाडी कुणी केली?" असं वर ठळक. खाली सहा महिन्यांचं काम क्रमानं, बिल्ल्यांपासून कांद्याच्या गोण्यांपर्यंत. एकही ओळ खोटी नाही. शेवटी माझं नाव आणि आमच्या छापखान्याचं नाव. पाचशे प्रती काढल्या आणि मोळीच्या दिवशी वाटायच्या ठरवल्या. त्या दिवशी कारखान्यावर पहिली उसाची मोळी पूजा करून गव्हाणीत टाकतात आणि गळीत सुरू होतं. आसपासच्या गावांचा सगळा पट्टा तिथे जमतो. मामांना मी सांगितलं नाही, कारण ते नको म्हणाले असते.

ही चूक आमच्याच घरातलं माणूस करू शकतं. मला पत्रक म्हणजे खरं सांगायचा कागद वाटतो. बाकी सगळ्या पट्ट्याला, कारखान्याच्या आवारात, संचालक मंडळाच्या निवडणुकीच्या आदल्या वर्षी, मोळीच्या दिवशी वाटलेलं पत्रक म्हणजे एकच गोष्ट वाटते, आणि ती म्हणजे कुणीतरी सत्ताधाऱ्यांविरुद्ध पॅनेल टाकतंय. पहिल्या वीस प्रती गेल्या नाहीत तोच एक ओळखीचे गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळूच विचारू लागले की तुमचे मामा कोणत्या गटातून उभे राहतायत. दुसऱ्यानं कागद उलटापालटा करून पाहिला आणि चिन्ह कुठाय म्हणून विचारलं.

मामा त्या वेळी मांडवात नव्हते. दादा त्या गाडीतून आला होता आणि त्यानं ती वाहनतळावर सावलीत लावली होती. मामा तिथे जाऊन गुडघ्यावर बसले होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उभी केलेली होती, त्यामुळे आतलं दिसत होतं. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकच्या तेलाची रबरी नळी येते, बोटाएवढी जाड. त्यांनीच नगरहून करून आणलेली. ती एका जागी पॉलिश केल्यासारखी चकाकत होती. रुंद टायर पूर्ण वळणावर तिला घासत होता. त्यात गाडी खाली बसवलेली, त्यामुळे खड्ड्यात आणखी घासणार. आणि दादाच्या मित्रांनी येत्या रविवारी करंजी घाटात गाड्या पळवायचं ठरवलेलं होतं, हे व्हिडिओ पाहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. घाटात चाक पुन्हा पुन्हा पूर्ण वळतं. उतारावर ती नळी फाटली तर पायाखालचा ब्रेक थेट तळाला जातो.

दादा माझं पत्रक हातात घेऊन तिथे आला. मामा उठत उठत म्हणाले, "दादा, बरं झालं आलात, जरा ही नळी..."

"कोणाच्या पॅनेलमधून उभा राहतोय तू?" दादानं विचारलं.

मामांना काही कळेना. त्यांनी पुन्हा नळीकडे बोट केलं. दादानं कागद त्यांच्या छातीला लावला आणि म्हणाला की आमच्या दारात वाढलास आणि आमच्याच विरुद्ध छापतोस, यापुढे गाडीला हात लावायचा नाही. मामांनी ‘आमच्या दारात वाढलास’ हे ऐकून घेतलं. त्यांनी चौतीस वर्षं कारखान्यात काम केलं, कुणाच्या दारात नाही. मी धावत पोहोचले तोवर दादा निघून गेला होता.

परतताना मामांनी मला नळीचं सांगितलं. रागावले नाहीत. "कागूद चांगला हाय," ते म्हणाले. "पन धा मिन्टं उशिरा यायला पायजे हुता."

त्यानंतर तीन दिवस मामा फोन करत होते. दादा उचलत नव्हता. मामांनी बंगल्याच्या राखणदाराकरवी निरोप दिला, तर उलट निरोप आला की आधी पोरीला माफी मागायला लाव. मी दादाला मोबाईलवर नळीबद्दल सविस्तर लिहिलं, चित्र काढून पाठवलं. त्याला ती धमकी वाटली. त्यानं उत्तर दिलं की ब्रेक फेल करायची भाषा करू नका, पोलिसात देईन.

शुक्रवारी मामा म्हणाले की उद्या बंगल्यावर जायचं. मी नाही म्हणाले. आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर, नाही म्हणताना माझ्या मनात असंही आलं की जाऊ दे त्याला घाटात. ज्याला आपलं म्हणणं ऐकायचंच नाही, त्याला आणखी किती वेळा सांगायचं? हा विचार पुरता आला, अर्धवट नाही. मग मला करंजी घाट दिसला, जसा तो रविवारी सकाळी असतो. पाथर्डीकडून येणारे भाजीचे टेम्पो, मोटारसायकलवर बायको-पोरांना घेऊन निघालेली माणसं, गाडीत दादाच्या शेजारी बसणारा कुणीतरी मित्र. त्यांनी मामांना अरेतुरे केलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. मामांनी हत्यारांची पेटी आणि शिलकीतल्या दोन नळ्या घेतल्या होत्या. दादा ओट्यावर बसला होता. चहा आला, मी घेतला नाही. त्यानं अट सांगितली. मी लिहून द्यायचं की पत्रकातला मजकूर चुकीचा होता, गाडीचं सगळं काम पुण्याला झालं, आणि मामांनी फक्त साफसफाई केली. खाली सही. तो कागद कारखान्याच्या फळ्यावर लागणार.

मी म्हणाले की चुकीच्या जागी वाटलं, चुकीच्या दिवशी वाटलं, याची माफी मी आत्ता मागते, लेखी मागते. पण साफसफाई हा शब्द मी लिहिणार नाही. दादानं खांदे उडवले आणि मोबाईल पाहू लागला.

मामा पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "लिही, पोरी."

मी म्हणाले, मामा, हे खोटं आहे.

"व्हय, खोटं हाय. त्या नळीला वाचता येत न्हाई. लिही आन् मला चाक खोलू दे."

मी लिहिलं. साफसफाई हा शब्दही लिहिला. सही करण्याआधी माझी एक अट सांगितली की चाकं आणि स्प्रिंग आत्ता, इथे, त्याच्यासमोर बदलायची, आणि रविवारी त्यानं मूळ चाकांवरच जायचं. पुण्याच्या दुकानानं मूळ स्प्रिंग आणि चाकं परत दिली होती, ती ओट्यामागे चपलांच्या कपाटाशेजारी पडून होती. दादा म्हणाला की रविवारपुरतं ठीक आहे. मी सही केली, त्यानं कागद घडी करून खिशात टाकला.

मामांनी दिवसभर काम केलं. डावीकडची नळी सोडवून त्यांनी ती दादाच्या हातात दिली. घासलेल्या जागी वरचं रबर पूर्ण गेलं होतं आणि आतल्या धाग्यांची वीण उघडी पडली होती. दादानं ती वाकवली तसे दोन-तीन धागे सुटले.  त्यानं नळी ओट्यावर ठेवली, पुन्हा उचलली.

नव्या नळ्या बसल्यावर ब्रेकमधली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक आत, पायाशी. मी पुढे झाले, पण मामांनी मला थांबवलं. पायाखाली ब्रेक कसा लागतो ते चालवणाऱ्याला कळलं पाहिजे, ते म्हणाले, आणि दादाला आत बसायला सांगितलं. मग अर्धा तास त्या बंगल्याच्या अंगणात एकच आवाज चालला होता.

"दाबा. धरा. धरून ठिवा. सोडा." आणि पुन्हा, "दाबा."

दादा दाबत होता, धरत होता, सोडत होता. एकदा त्यानं घाईनं पाय उचलला. गाडीखालून मामा म्हणाले, "मी सोडा म्हनलो का?" दादानं नाही म्हटलं. "मंग धरा." त्याच्या शर्टाच्या खिशात माझा कागद होता, आणि मामांचे फक्त पाय दिसत होते.

निघताना मामांनी त्याला करंजीच्या उताराचं सगळं सांगितलं. कुठे दुसऱ्या गियरवर यायचं, ब्रेक वळणाआधी कसा मारायचा आणि वळणात का नाही. अहोजाहो करून, जसं नेहमी बोलतात तसंच. दादानं ऐकून घेतलं.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. मामांनी जेवता जेवता स्पीकरवर लावला. गाडी भारी गेली, दादा म्हणाला, सगळ्यांच्या पुढे होतो, ब्रेक तर दगडासारखा. आभार नाही मानले. मग म्हणाला की पुढच्या आठवड्यात एक फोटोचं शूट आहे, तेव्हा ती रुंद चाकं आणि खालच्या स्प्रिंग परत बसवून दे, त्यातच ती उठून दिसते.

"न्हाई," मामा म्हणाले.

दादाला वाटलं ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मामांनी घास संपवला, पाणी प्यायले. "दादा, ती चाकं माझ्या हातानं बसनार न्हाईत. तुमाला बसवायचीच असतील तर दुसरा मानूस बघा. आन् बसवली तर त्यात बसायच्या आधी मला फोन करा, मी येऊन नळी काढून घिऊन जाईन. ती मी करून आणलेली हाय."

 पलीकडून फोन बंद झाला. मामांनी मोबाईल पालथा ठेवला आणि मामींकडे भाकरी मागितली.

माझी सही असलेला तो कागद कारखान्याच्या फळ्यावर महिनाभर होता. दुकानात येणारे लोक मला विचारायचे की काय हो, मामा फक्त साफसफाई करत होते होय, आणि हसायचे. दर वेळी मला कानशिलं तापल्याचं कळायचं, आत्ता लिहितानाही तापली आहेत. मामांनी काढून ठेवलेली ती रुंद चाकं अजून ओट्यामागे पडून आहेत, असं राखणदार सांगतो.